छतावर नसलेलं नाव

जाद-अल-करीम शाळेत सहावीपर्यंतच गेला होता, तरी आख्ख्या कर्नाकात त्याला उस्ताद म्हणायचे. निम्मे लोक मनापासून म्हणायचे आणि निम्मे चेष्टेनं. मी चेष्टेवाल्यांतला. आता तो नाही, आणि चेष्टा करावी अशा लायकीचा दुसरा माणूस या गावात उरलेला नाही. शिवाय त्याच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट होऊन बसली आहे. ती झाकून त्याच्याबद्दल चार गोड ओळी लिहिणं मला जमणार नाही.

तीस वर्षं तो इथल्या फारोंच्या काळच्या देवळात पहारेकरी होता. मोठ्या खांबांच्या दालनात नव्हे, तिथं प्रवाशांकडून बक्षिशी मिळते आणि ती जागा वशिल्याच्या लोकांना जाते. याला नेमलं होतं कोपऱ्यातल्या, खोन्सू या जुन्या चंद्रदेवाच्या देवळावर, जिथं दुपारी कुत्रंही फिरकत नाही. तिथं बसून बसून हा बाबा भिंतींवरची लिपी वाचायला शिकला. परदेशातून भिंतींच्या नकला करायला मंडळी आली, त्यांची शिडी धरता धरता शिकला. त्यांनी सहा जाडजूड पुस्तकं काढली. त्यांतल्या कितीतरी फुटक्या ओळी जादनं जुळवून दिलेल्या होत्या. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला आभार आहेत, त्यात शेवटी 'आणि स्थानिक पहारेकऱ्यांचे' असे शब्द आहेत. ते पान त्यानं प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. कुणी आलं की त्या शब्दांवर बोट ठेवायचा, म्हणायचा, "हा मी."

"चार पहारेकरी होते की रे तिथं," मी म्हणायचो. "त्यातला तू कुठला?"

"गप, तोहामी," तो म्हणायचा. पण त्याचा चेहरा उतरायचा, आणि मला त्यात गंमत वाटायची. लाज वाटते आज सांगायला.

त्या देवळाच्या छतावर पावलं आहेत. जुन्या काळच्या पुजाऱ्यांनी दगडावर उभं राहून आपल्या पावलांच्या कडा कोरल्या आणि आत नाव घातलं, अमक्याचा मुलगा तमका. जादला ती पावलं पाठ होती. झिजलेली सोडून दोनशे चौदा नावं त्यानं वाचून वहीत उतरवली होती. खाली भिंतीवर बघाल तिकडं राजाच आहे. धूप राजा दाखवतो, पाणी राजा शिंपडतो, देवाला भाकरी राजाच वाढतो. जाद त्यावर चिडायचा. "राजा काय रोज येत होता इथं? पहाटे उठायचं, अंगावरचा केस न् केस भादरायचा, तळ्यात बुडी मारायची आणि कुडकुडत आत जायचं, हे करणारा दुसराच. आणि आत जाताना त्यानं म्हणायचं काय, तर मला राजानं पाठवलंय. काम याचं, चित्र त्याचं! मग बिचारे छतावर जाऊन पाऊल कोरायचे. देवा, मीही होतो म्हणून."

"मग तूही कोर की एक. तीस वर्षं झाली," मी म्हटलं होतं.

चार दिवस बोलला नाही माझ्याशी. छतावर नावं खरडणाऱ्यांना पकडण्यातच त्याची नोकरी गेली होती.

पोटात पाणी व्हायला लागलं तेव्हा त्याला लवकर घरी बसवलं. लहानपणी कालव्यात पोहून जडलेला आजार आमच्या पिढीत घरोघरी आहे, तो शेवटी यकृतावर येतो. डॉक्टरांनी दोन-तीन वर्षं सांगितली होती. दिवसभर घरात बसून तो सित्तोहुम वहिनींचं डोकं खायचा, म्हणून त्यांनीच त्याला माझ्या दुकानात पिटाळलं.

माझं दुकान म्हणजे सहा कॉम्प्युटर आणि चहा. गिऱ्हाईक बहुतेक घोडागाडीवाले. प्रवासी आटले की गाड्या सावलीला लावायच्या आणि माझ्याकडं येऊन राज्यं चालवायचा खेळ खेळायचा. एक देश घ्यायचा, गावं वसवायची, सैन्य पाठवायचं, शेजाऱ्याला बुडवायचं. जाद एकाच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला.

"हा कुठला देश?"

"आपलाच की, उस्ताद. मिसर."

"आणि हा दाढीवाला कोण?"

"पुजारी. जखमी शिपायांवर उपचार करतो."

जाद इतका हसला की पोट धरून खाली बसला. "दाढीवाला पुजारी! अरे, त्याला देवळाच्या दारात तरी उभा करतील का? आणि एकच? सगळ्या देशाला मिळून एक?" मग हसू थांबलं. "कोण करतं रे हे? कुणीही करू शकतं?"

मी म्हटलं, करू शकतं. मूळ खेळाच्या नियमांत आपल्या हातानं बदल करायचे आणि सगळ्यांसाठी ठेवून द्यायचे, याला मॉड म्हणतात. फाइली साध्याच असतात, इंग्रजी आलं पाहिजे. मला इंग्रजी येत होतं. तिथंच मी अडकलो.

अडीच वर्षं आम्ही ते केलं. तो वहीत अरबीत नियम लिहून आणायचा, मी बडबडत टाइप करायचो. त्याच्या खेळात राजा एक आणि देवळं अनेक. प्रत्येक देवळात दिवसातून तीनदा राजानं देवापुढं उभं राहायचं असतं, आणि ते अशक्य असतं, म्हणून पुजारी नेमावे लागतात. पुजाऱ्यांच्या चार पाळ्या. एक पाळी महिनाभर देवळात, बाकीच्या तीन घरी, आपापल्या शेतावर. हे त्याला फार आवडायचं. पहारेकऱ्यांच्याही पाळ्याच असतात ना. राजानं देवळांना जमीन कमी दिली तर देव रुसतो, जास्त दिली तर मोठा पुजारी डोक्यावर बसतो. आणि वारसाचा प्रश्न आला की देवाची होडी खांद्यावर घेऊन पुजारी निघतात. होडी पुढं झुकली तर हो, मागं सरली तर नाही.

"पण झुकवणार तेच ना, ज्यांच्या खांद्यावर आहे?" मी विचारलं.

"तेच तर," जाद म्हणाला आणि माझ्या मांडीवर थाप मारली. "राजा कोण ते यांचे गुडघे ठरवतात. आणि भिंतीवर यांचं नाव नाही."

त्याच्या खेळातल्या प्रत्येक पुजाऱ्याला नाव होतं. छतावरची दोनशे चौदा. दुसरं एकही नाही.

जगभरातले खेळणारे लिहायचे. एकानं शोधून काढलं, की पहिल्याच खेळीला सगळी देवळं बंद केली तर तिजोरी भरते आणि दहा खेळ्यांत जग जिंकता येतं. झालं, सगळे तेच करायला लागले. मी म्हटलं, उस्ताद, शिक्षा ठेव काहीतरी, भूकंप आण. तो म्हणाला, "खोटं कशाला? असं केलेला एक राजा होऊन गेलाय, त्याला काही लगेच भूकंप आला नाही." त्यानं फक्त एवढंच केलं, की देवळं बंद झाली की नावं यादीतून एकेक करून पुसली जातात आणि पेरणीचा दिवस मोजायला कुणी उरत नाही. खेळणाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. नावं वाचतो कोण?

आणि कुणी चुकीचं नाव सुचवलं, सिनेमातलं वगैरे, की जाद माझ्याकडून त्याला पानभर उत्तर लिहून घ्यायचा. मरणाच्या दारात बसलेला माणूस, आणि भांडण कशावरून, तर हे नाव छतावर नाही!

मग खेळाच्या मूळ कंपनीचं पत्र आलं. आमचा मॉड त्यांना पुढच्या आवृत्तीत कायमचा घ्यायचा होता. मी वाचून दाखवलं, तर त्यानं एकच विचारलं.

"माझं नाव येईल?"

"शेवटी खेळ करणाऱ्यांची यादी असते, त्यात येईल. सगळ्या जगात."

तो उठला. घरी गेला आणि वहिनींना सांगून उन्हात फुगवलेली शम्सी भाकरी आणि बदक असं जेवण माझ्याकडं पाठवून दिलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन वर्षांतलं तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं माप उरलं होतं. त्याला बाकी काही नको होतं. मरायच्या आत एकदा कुठंतरी आपलं नाव लिहिलेलं बघायचं होतं, 'स्थानिक पहारेकरी' सोडून.

कंपनीचा करार आला. त्याला ओळखपत्राची प्रत जोडायची होती. मी ओळखपत्र हातात घेतलं, त्यावर लिहिलं होतं, अब्दुल-आल.

मला आश्चर्य वाटलं नाही, आमच्याकडं असं घरटी एक असतं. जादच्या आधी त्याच्या आईला, नफीसामावशीला, एक मुलगा झाला होता, अब्दुल-आल. त्याची नोंद झाली आणि चाळिसाव्या दिवशी तो गेला. मेल्याची नोंद करायला तालुक्याला कोण जातो? वर्षभरानं जाद झाला. बाप म्हणाला, कागद आहे की घरात, वाया कशाला घालवायचा. शिवाय मेलेल्याच्या नावाआड जिवंत पोराला नजर लागत नाही असंही म्हातारे म्हणायचे. त्याच कागदावर जाद शाळेत गेला, नोकरीला लागला, लग्न केलं. गावात जाद, कागदावर अब्दुल-आल.

करारात एक चौकोन होता: खेळात कुठलं नाव दाखवायचं? तिथं काहीही लिहिता आलं असतं. टोपणनाव चाललं असतं. आज मला ते कळतं. पण आम्ही खिडक्यांसमोर रांगा लावून मोठे झालेले लोक. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, असं दिसलं की साहेब दोन्ही फाडून तोंडावर फेकतो, हे आमच्या हाडांत बसलंय. मला वाटलं, उगाच विषाची परीक्षा कशाला. मी प्रत्येक चौकोनात ओळखपत्रावरचं नाव भरलं. त्याला विचारलंही नाही, बोट दाखवलं तिथं त्यानं सही केली. वर स्वतःची पाठ थोपटली, की बघा, एक चूक काढून दाखवा.

दोन महिन्यांनी त्यांनी यादी तपासायला पाठवली. मी मोठ्या थाटात त्याला खुर्चीवर बसवून ती उघडली. त्यानं बोट ठेवून ते नाव हळूहळू वाचलं. इंग्रजी अक्षरं त्याला तेवढी येत होती.

"हा तर अब्दुल-आल," तो म्हणाला.

मी उगाचच यादी वरखाली सरकवायला लागलो.

"चाळीस दिवस जगला," जाद म्हणाला, "आणि काय काम करून गेला बघ!" आणि हसला. घोडागाडीवालेही हसले. मी आत जाऊन चहाच्या भांड्याशी उभा राहिलो. मला बाहेर येववेना.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: करारावर सही झाली आहे, नाव बदलायचं तर दुसऱ्या नावाचा कुठलाही सरकारी कागद पाठवा, लगेच बदलू. मी त्याला घेऊन नोंदणी कचेरीत गेलो. खिडकीतली बाई आमच्या ओळखीतलीच निघाली, शेजारच्या गावची.

"काका, तुम्ही जाद-अल-करीम असाल तर अब्दुल-आल कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"मेला. लहानपणीच," जाद म्हणाला.

"मग तीस वर्षं देवळात नोकरी कुणी केली?"

"मी."

"पण तुमची तर जन्माचीच नोंद नाही." तिनं पेन खाली ठेवलं. "मी अब्दुल-आलला मेलेला लिहिला तर नोकरीही मेलेल्याची आणि निकाहही मेलेल्याचा. उद्या तुम्हाला काही झालं तर काकूंना पेन्शन कोण देईल? घरी जा, काका. मी काही ऐकलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत."

मी तावातावानं भांडायला लागलो, तर जादनंच माझी बाही ओढली. "चल. पोरगी खरं सांगतेय." बाहेर पायरीवर त्याला दम लागला, बसला. मी म्हटलं, "उस्ताद, मला शिव्या तरी दे." तो म्हणाला, "तुला देऊन काय होणार? माझ्या बापाचा एक दिवस वाचला होता तालुक्याला जायचा, तो आता वसूल झाला." त्यानंतर तो या विषयावर बोलला नाही. पण दुकानात येणं कमी झालं आणि अंगावरची पिवळी छटा डोळ्यांत उतरली.

माझं मन खात होतं. कंपनीला शेवटच्या फाइली द्यायला आठवडा राहिला, तेव्हा मी एक केलं. पुजाऱ्यांच्या यादीत, तिसऱ्या पाळीत, गुपचूप एक नाव वाढवलं, जाद-अल-करीम. म्हटलं, शेवटच्या यादीत नाही तर नाही, खेळात तरी राहील. कुणीतरी कुठंतरी होडी उचलायला त्याला पाठवेल. जुनं नाव आहे की नाही, कोण बघतंय?

शेवटची तपासणी करायला तो आला. वहिनी हाताला धरून घेऊन आल्या. जाद खेळत बसला, सावकाश, महिन्यामागून महिना, पाळीमागून पाळी. तिसऱ्या पाळीची अदलाबदल झाली आणि पडद्यावर नावं खाली यायला लागली. त्याचा हात थांबला.

"हा कोण?"

"छतावर असेल कुठंतरी," मी म्हटलं.

"छतावरचं मला सांगतोस, तोहामी?"

वहिनींना वाचता येत नव्हतं. "काय झालं, भावजी?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडावर धरलं. "राहू द्या ना हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कुणाचं काय जातंय? एवढं राहू द्या."

जादनं पडद्यावर त्या नावाखाली बोट ठेवलं. मला वाटलं, जिंकलो. त्याचे डोळे भरले होते, मी पाहिलं. त्याला ते नाव हवं होतं, मला ठाऊक आहे; तहानलेल्याला पाणी हवं असतं तितकं हवं होतं.

"दोनशे चौदा आहेत," तो शेवटी म्हणाला. "हे तिथं नाही. एक खोटं घातलं की उरलेल्यांवर कोण विश्वास ठेवील? ते थंडीत उघड्या अंगानं उभे राहिलेत रे. मी आयतं घुसू त्यांच्यात?"

"तूही उभा राहिलास की तीस वर्षं!" मी ओरडलो. खरंच ओरडलो. "तुझ्याइतकं त्या राजांपैकी तरी कुणी राहिलंय का तिथं?"

"मी पहारेकरी होतो," तो म्हणाला. आणि स्वतःच्या हातानं, एका बोटानं, एकेक अक्षर खोडत गेला. इंग्रजीत त्याच्या नावाला बरीच अक्षरं लागतात. मला त्या वेळी त्याचा इतका राग आला की सांगता येत नाही. असला सच्चेपणा काय चाटायचा आहे? आजही राग आहे.

खेळ वसंतात आला. मी माझ्याच कॉम्प्युटरवर घेतला, त्याच्या घरी नेला आणि शेवटची यादी दाखवली. शेकडो नावं वर सरकत गेली, त्यात अब्दुल-आल एका क्षणात येऊन गेला. जादनं परत दाखव म्हटलं नाही. त्यानं विचारलं, "देवळं उघडी ठेवून खेळतंय का कुणी?" मी म्हटलं, "ठेवतात काही जण." खोटं बोललो. मी बघितलं होतं, कुणीच ठेवत नव्हतं.

नऊ दिवसांनी तो गेला. दफनाचा परवाना अब्दुल-आलच्या नावानं निघाला, आणि तसाच निघायला हवा होता. नाहीतर वहिनींची पेन्शन अडली असती. शेख नवे होते, कीना शहराकडून आलेले. आमच्याकडं माती लोटून झाली की शेख कबरीच्या उशाशी बसतात, मेलेल्याला त्याच्या आणि त्याच्या आईच्या नावानं हाक मारतात आणि समजावतात, की आता दोन देवदूत येऊन प्रश्न विचारतील, घाबरू नको, अशी अशी उत्तरं दे. शेखनी परवान्यावर बघून हाक दिली, "अब्दुल-आल, नफीसाच्या मुला!"

"शेखसाहेब, तो नव्हे," मी म्हटलं.

"कागदावर हेच आहे."

"आहे. पण अब्दुल-आलही घराण्याच्या याच कबरीत आहे. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी ठेवलाय. चाळीस दिवसांचं पोर ते, त्याला काय विचारताय?"

मागं कुणीतरी हुंदक्यातच हसलं. शेख गोंधळले. "मग याला हाक कुठल्या नावानं मारू?"

मी सांगणार एवढ्यात घोडागाडीवालेच पुढं झाले, सगळे एकदम बोलले. शेखनी परवाना घडी करून खिशात टाकला, मातीवर वाकले आणि तीनदा हाक मारली, जाद-अल-करीम, नफीसाच्या मुला. एवढ्या आयुष्यात कुणी अधिकाराच्या माणसानं त्याला त्याच्या नावानं हाक मारली ती हीच, आणि ही हाक कुठं लिहून ठेवायची आमच्याकडं पद्धत नाही.